अज्ञात क्षाराचे गुण : महाविद्यालयीन रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षातील अभ्यास-अपेक्षा व मूल्यमापन यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून रसायनशास्त्र या विषयात नेमके कोणते काम अपेक्षित असते, आणि त्या कामाचे मोल कोणत्या मापाने ठरविले जाते, हा प्रश्न वरवर पाहता अभ्यासमंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेतील एका कलमाएवढाच वाटतो. तथापि या कलमामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. प्रात्यक्षिक वहीला पाच गुण द्यावेत की दहा, तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी की वर्गाच्या अध्यापकाने, अंतर्गत गुण लेखी परीक्षेच्या गुणांत मिळवावेत की नाही, यांवर आपण शिक्षक-कक्षात जो वाद घालतो, तोच वाद जर्मनीत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत आणि आपल्या देशातही यापूर्वी अनेकदा झालेला आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाचा मागोवा एका विशिष्ट वस्तूच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे. ती वस्तू म्हणजे परीक्षार्थीच्या हाती दिली जाणारी अज्ञात क्षाराची पुडी.

ही पुडी निवडण्याचे कारण असे की, रसायनशास्त्राच्या अध्यापनाची आणि परीक्षेची गाठ तिच्यात जितकी घट्ट पडली तितकी अन्य कोणत्याही प्रयोगात पडली नाही. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या मनात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे किप्सच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइडचा वास, आणि प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे ‘सॉल्ट’ सापडणे वा न सापडणे, असेच समीकरण होते. हे समीकरण कोठून आले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

गीसेन : गुणांवाचून मूल्यमापन

युस्टुस फॉन लीबिग १८२४ मध्ये गीसेन येथील विद्यापीठात रुजू झाला तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. एका जुन्या लष्करी पहारा-इमारतीत त्याने प्रयोगशाळा थाटली. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करून रसायनशास्त्र शिकावे, ही कल्पना त्याच्या आधी कोणाला सुचलीच नव्हती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ती मोठ्या संख्येच्या विद्यार्थ्यांसाठी नित्यक्रम म्हणून राबविण्याचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. १८३९ मध्ये या प्रयोगशाळेचा विस्तार झाला आणि युरोपातील निरनिराळ्या देशांतून विद्यार्थी तेथे येऊ लागले.

नवागत विद्यार्थ्याला लीबिगकडे प्रथम अक्षरांच्या खुणा केलेल्या बाटल्या मिळत. आत काय आहे हे त्याने विश्लेषणाने ओळखायचे. ज्ञात पदार्थांच्या अभिक्रिया आधी करून पाहायच्या, मग अज्ञाताकडे वळायचे, त्यानंतर परिमाणात्मक विश्लेषण आणि शेवटी स्वतंत्र संशोधन, असा तो क्रम होता. आजच्या परीक्षेतील अज्ञात क्षार हा त्या बाटल्यांचा थेट वंशज होय. मात्र एक फरक मूलगामी आहे. गीसेनमध्ये त्या बाटल्यांना गुण नव्हते. लीबिगने आपल्या आठवणींत सांगितल्याप्रमाणे प्रत्येक विद्यार्थी रोज सकाळी आदल्या दिवशी काय केले आणि आज काय करणार आहे हे त्याला सांगत असे. तो त्यावर होकार देई वा शंका काढी. पुढचा मार्ग मात्र ज्याचा त्याने शोधायचा असे. म्हणजे मूल्यमापन रोजचे, तोंडी आणि पुढील कामाला जोडलेले होते. एक बाटली चुकली तर विद्यार्थी ‘नापास’ होत नसे; ती पुन्हा हाती घ्यावी लागे, एवढेच.

ही व्यवस्था आदर्श म्हणून सांगण्याची पद्धत आहे. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. १८५२ मध्ये लीबिग म्युनिकला गेला, तो विद्यार्थ्यांच्या प्रयोगशालेय अध्यापनाची जबाबदारी आपल्यावर असू नये या अटीवर. प्रत्येक विद्यार्थ्याचे दररोज ऐकून घेणे ही पद्धत उत्तम होती, पण जवळजवळ तीन दशकांत तिने तिच्या प्रवर्तकालाच थकविले होते. एकशेवीस विद्यार्थ्यांची तुकडी सांभाळणाऱ्या अध्यापकाला गीसेनचा दाखला देताना हा तपशील सहसा कोणी सांगत नाही.

लीबिगच्याच प्रयोगशाळेत पुढे साहाय्यक म्हणून काम केलेल्या कार्ल रेमिगिउस फ्रेझेनियसचे गुणात्मक विश्लेषणावरील पुस्तक १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. धातुमूलकांचे गट पाडून, ठरावीक अभिकारकांच्या क्रमाने त्यांना वेगळे करण्याची रीत त्याने इतक्या सुबकपणे मांडली की ते पुस्तक अनेक भाषांत गेले. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने शिसे, चांदी व मर्क्युरस यांचा गट, आम्लयुक्त द्रावणात हायड्रोजन सल्फाइडने पुढचा गट, अमोनियम क्लोराइड व अमोनियम हायड्रॉक्साइडने त्यापुढचा, ही मांडणी आपल्या प्रात्यक्षिक वह्यांतून ज्या तक्त्याच्या रूपाने आली, त्याचे कूळ याच परंपरेत आहे. तक्त्यामुळे एक सोय झाली आणि एक हानीही. सोय अशी की सामान्य बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही उत्तरापर्यंत पोहोचता येऊ लागले. हानी अशी की तक्ता पाठ असला म्हणजे अभिक्रिया समजलीच पाहिजे असे राहिले नाही. आणि ज्या कामाचे उत्तर निश्चित, पायऱ्या निश्चित व वेळ निश्चित, ते काम परीक्षकाला फारच आवडते.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

लंडनमध्ये १८४५ साली रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीची स्थापना झाली व लीबिगचा शिष्य ऑगुस्ट विल्हेल्म हॉफमन तेथे आला. अशा रीतीने गीसेनची पद्धत इंग्लंडमध्ये पोहोचली. पण इंग्लंडमध्ये तिची गाठ एका सर्वस्वी निराळ्या संस्थेशी पडली. १८३६ मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ हे मुळात शिकविणारे विद्यापीठ नव्हते. ते परीक्षा घेऊन पदव्या देणारे मंडळ होते. शिकविणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे, हे त्याचे मूळ सूत्र. त्याच सुमारास सरकारच्या विज्ञान व कला विभागाने १८५९ पासून देशभर विज्ञानाच्या परीक्षा सुरू केल्या आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या संख्येवर शिक्षकाचे मानधन ठरविले. ‘निकालानुसार वेतन’ म्हणून ओळखली गेलेली ही योजना विज्ञानशिक्षणाच्या प्रसाराला पोषक ठरली यात शंका नाही. गावोगावी रसायनशास्त्राचे वर्ग निघाले. परंतु शिक्षकाचे पोट विद्यार्थ्याच्या गुणांवर अवलंबून राहिल्यावर अध्यापन कोणत्या दिशेने झुकणार, हे सांगण्यास भविष्यवेत्ता लागत नाही.

या विभागाचा रसायनशास्त्राचा परीक्षक असलेल्या एडवर्ड फ्रँकलंडने शिक्षकांपुढे व्याख्याने देऊन त्यांनी वर्गात दाखवावयाच्या शंभराहून अधिक प्रयोगांची यादीच मांडली. ती व्याख्याने १८७५ मध्ये ग्रंथरूपाने आली. म्हणजे परीक्षकालाही केवळ पाठांतरावर समाधान नव्हते. तरी प्रत्यक्षात जे वाढले ते परीक्षानळीतील क्षारपरीक्षणच. हेन्री एडवर्ड आर्मस्ट्राँग याने या प्रकारावर कठोर टीका केली. विद्यार्थी नळीत काहीतरी ओततो, रंग पाहतो, तक्त्यात बोट ठेवतो आणि नाव लिहितो. यात शोध कोठे आहे, असा त्याच्या टीकेचा आशय होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश असोसिएशनच्या अहवालांतून त्याने पर्यायी अभ्यासक्रम सुचविला. लोखंड गंजते तेव्हा त्याचे वजन वाढते की घटते, खडू तापविल्यावर काय उरते, अशा साध्या प्रश्नांपासून सुरुवात करून विद्यार्थ्याने स्वतः वजन-माप करीत उत्तर शोधावे, अशी त्याची स्वयंशोधन पद्धती होती.

आर्मस्ट्राँगचा पराभव का झाला, हा प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याची पद्धत वेळखाऊ होती, तिला कुशल शिक्षक लागत, तीत अभ्यासक्रमाचा विस्तार मर्यादित राही. ही कारणे नेहमी दिली जातात आणि ती खरीही आहेत. माझ्या मते त्यांहून निर्णायक कारण गुणदानाचे होते. शोधाच्या मार्गावर असलेल्या विद्यार्थ्याला दूरच्या शहरातील अपरिचित परीक्षकाने तीन तासांत किती गुण द्यावेत, याचे उत्तर आर्मस्ट्राँगजवळ नव्हते. अज्ञात क्षाराजवळ ते होते.

मुंबई विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालये

१८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतातील नियोजित विद्यापीठांसाठी लंडन विद्यापीठाचा नमुना सुचविण्यात आला होता. त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांच्या स्थापनेच्या कायद्यांतच परीक्षेद्वारे प्रावीण्य पारखणे व त्याप्रमाणे पदव्या देणे हे प्रयोजन नमूद होते. अध्यापन एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांनी करावे, विद्यापीठाने पारखावे. मुंबईत बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ मध्ये झाली; विज्ञानाची स्वतंत्र पदवी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आली. तोवर रसायनशास्त्र हे कला शाखेच्या अभ्यासक्रमाच्या आणि वैद्यकीच्या आश्रयाने शिकविले जाई.

या व्यवस्थेत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे रोजचे काम कोठे बसत होते? प्रामाणिकपणे सांगायचे तर जवळजवळ कोठेच नाही. त्याने वर्षभर प्रयोगशाळेत काय केले याची नोंद विद्यापीठापुढे एका प्रमाणपत्राच्या रूपानेच जाई : ठरावीक उपस्थिती भरली, प्रात्यक्षिक वही पूर्ण झाली, विभागप्रमुखाची स्वाक्षरी झाली. ‘जर्नल सर्टिफाय होणे’ हा आपल्या महाविद्यालयीन बोलीतील शब्दप्रयोग या इतिहासाचे अपत्य होय. वही ही परीक्षेला बसण्याची परवानगी होती. तिच्यातील विचाराला किंमत नव्हती. त्यामुळे वही सुंदर असावी, खाडाखोड नसावी, निरीक्षण ‘अपेक्षित’ असावे, ही संस्कृती रुजली. ज्या वहीत चुकलेले वाचन चुकले म्हणून नोंदलेले आहे अशी वही खऱ्या रसायनशास्त्रज्ञाची असते. पण अशी वही घेऊन स्वाक्षरीसाठी जाण्याचे धाडस किती विद्यार्थ्यांनी केले असेल?

या काळात भाषेचाही एक अडसर होता. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायनशास्त्रादी विषयांवर मराठीत ग्रंथरचना केली. पारिभाषिक शब्द घडविण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागली. पण परीक्षा इंग्रजीत होती, आणि ज्या भाषेत गुण मिळत नाहीत त्या भाषेतील पुस्तक अभ्यासिकेच्या कपाटातच राहते. मोडकांच्या कार्याचे योग्य मूल्यमापन व्हावयाचे असेल तर ते या चौकटीत व्हावे असे वाटते.

कलकत्त्याचे उदाहरण येथे थोडक्यात देतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. एडिंबरो येथून डॉक्टरेट घेऊन आलेले, पुढे मर्क्युरस नायट्राइटवरील संशोधनाने ख्यातनाम झालेले हे अध्यापक पहिल्या वर्षाचे वर्ग स्वतः घेण्याबाबत आग्रही असत. कोऱ्या मनाला विषयाची गोडी तेव्हाच लावता येते, अशी त्यांची धारणा होती. विशेष म्हणजे परीक्षेतील यशाला सर्वस्व मानण्याच्या वृत्तीवर त्यांनी आयुष्यभर टीका केली. आपल्याकडे ज्येष्ठ प्राध्यापकाने पदव्युत्तर वर्ग घ्यावेत आणि पहिले वर्ष नवख्या अध्यापकावर सोपवावे, ही प्रथा बहुतेक ठिकाणी अद्याप टिकून आहे. तिच्या समर्थनार्थ रायांचे नाव तरी घेता येणार नाही.

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांची तपासणी व संलग्नतेच्या अटी कडक केल्या. प्रयोगशाळेवाचून विज्ञान शिकविणे अवघड झाले. मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० मध्ये सुरू झाली. साधने वाढली, गुणांची रचना मात्र तीच राहिली.

अमेरिकेचा निराळा मार्ग

अमेरिकेत अध्यापक हाच परीक्षक राहिला. येल महाविद्यालयाचे अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ च्या आपल्या दैनंदिनीत परीक्षेस बसलेल्या ५८ विद्यार्थ्यांची चार प्रतींत विभागणी केल्याची नोंद आहे : २० सर्वोत्तम, १६ दुय्यम उत्तम, १२ कनिष्ठ, १० निकृष्ट. पुढे शंभर वर्षे निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या पट्ट्या वापरल्या. माउंट होल्योक महाविद्यालयाने १८९७ मध्ये अक्षरे व शेकडेवारी यांची सांगड घातली. ९५ ते १०० ला ‘ए’, ८५ ते ९४ ला ‘बी’, ७६ ते ८४ ला ‘सी’, नेमक्या ७५ ला ‘डी’ आणि त्याखाली ‘ई’ म्हणजे अनुत्तीर्ण. ७५ हे उत्तीर्णतेचे गुण! ३५ वा ४० वर उत्तीर्ण होणाऱ्या आपल्या परंपरेतील वाचकाला हे चकित करणारे आहे. पण त्यावरून तेथील विद्यार्थी दुप्पट शिकत होते असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रश्नपत्रिका किती अवघड, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्या हातात शेकडेवारीही असते.

हीच गोष्ट मिसुरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ माक्स मायर याने १९०८ मध्ये उघड केली. त्याने आपल्या विद्यापीठातील अध्यापकांनी दिलेल्या श्रेणींची तुलना केली. एका टोकाला तत्त्वज्ञानाचा अध्यापक होता. त्याच्या वर्गातील निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना सर्वोच्च श्रेणी मिळाली होती. दुसऱ्या टोकाला रसायनशास्त्राचा एक अध्यापक होता. त्याच्याकडे ती शेकडा एकाच्या आसपास विद्यार्थ्यांनाच मिळाली होती. रसायनशास्त्राचा प्रारंभिक वर्ग म्हणजे ‘गाळणी’, ही ख्याती तेव्हापासूनची, कदाचित त्याआधीचीही, आहे. मायरने सुचविलेला उपाय असा की श्रेणी क्रमानुसार द्याव्यात : वरचे ३ टक्के उत्कृष्ट, नंतरचे २२ श्रेष्ठ, मधले ५० मध्यम, मग २२ कनिष्ठ आणि अखेरचे ३ अनुत्तीर्ण. ‘कर्व्ह’वर गुण देण्याची प्रथा या विचारातून फोफावली. तिने अध्यापकांमधील तफावत झाकली. पण मग वर्गातील सगळे विद्यार्थी उत्तम शिकले तरी काही जण अनुत्तीर्ण होणारच, आणि शेजाऱ्याला टायट्रेशन समजावून सांगणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे, अशी विचित्र स्थिती उत्पन्न झाली.

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी १९१२-१३ मध्ये केलेले प्रयोग शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. भाषेच्या उत्तरपत्रिकेला निरनिराळ्या शिक्षकांनी वेगवेगळे गुण दिले, यात कोणाला नवल वाटले नाही. भूमितीची तीच एक उत्तरपत्रिका मात्र २८ पासून ९० च्याही वर गुण मिळवून आली, तेव्हा ‘अचूक’ विषयांच्या शिक्षकांचा आत्मविश्वास डळमळला.

हार्टॉग : रसायनशास्त्रज्ञाने तपासलेले परीक्षक

या इतिहासात भारताशी ज्याचा थेट संबंध आला असा एक रसायनशास्त्रज्ञ आहे, आणि तो शिक्षणशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसा परिचित नाही. सर फिलिप हार्टॉग (१८६४-१९४७) हे मॅंचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापक होते. १९०३ पासून ते लंडन विद्यापीठाचे शैक्षणिक कुलसचिव झाले. म्हणजे परीक्षायंत्रणेच्या गाभ्यातच त्यांनी सतरा वर्षे काढली. १९१७ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे, म्हणजेच सॅडलर आयोगाचे, ते सदस्य होते. आयोगाच्या शिफारशींनुसार ढाका येथे शिकविणारे, निवासी विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू १९२० ते १९२५ या काळात हार्टॉग होते. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेणे एवढेच काम नसलेले हे विद्यापीठ लंडनच्याच माजी कुलसचिवाने उभारावे, यात एक अर्थपूर्ण योग आहे. पुढे १९२८-२९ मध्ये भारतातील शिक्षणाचा आढावा घेणारी समिती त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

ई. सी. ऱ्होड्स यांच्या साहाय्याने त्यांनी १९३५ मध्ये परीक्षांची परीक्षा घेणारा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रयोग असा : इतिहास विषयाच्या, मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळालेल्या १५ उत्तरपत्रिका घेतल्या. १५ अनुभवी परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या. सारख्या ठरलेल्या या उत्तरपत्रिकांना २१ ते ७० पर्यंतचे, चाळीस निरनिराळे गुण मिळाले. बारा ते एकोणीस महिन्यांनंतर त्यांपैकी १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. २१० निर्णयांपैकी ९२ वेळा परीक्षकाने आपलाच अनुत्तीर्ण, उत्तीर्ण वा विशेष योग्यता हा निर्णय बदलला होता. दोन परीक्षकांत मतभेद असणे समजण्यासारखे आहे. पण परीक्षकाचे स्वतःशीच मत जुळत नसेल तर ‘३४ अनुत्तीर्ण, ३५ उत्तीर्ण’ या रेषेला अर्थ काय उरतो?

हार्टॉग यांनी हा प्रश्न विचारला त्यामागे त्यांची रसायनशास्त्राची जडणघडण असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. तोलकाट्यावर एकच वस्तू दोनदा तोलून पाहिल्याशिवाय वजनावर विश्वास ठेवायचा नाही, हा प्रयोगशाळेतील पहिला धडा. तोच धडा त्यांनी परीक्षकांना लावला.

प्रात्यक्षिकाच्या गुणांची घडण

आता आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेकडे वळू. पहिल्या वर्षाच्या पारंपरिक प्रात्यक्षिकात सर्वसाधारणपणे चार घटक असत : क्षारपरीक्षण, अनुमापन, प्रात्यक्षिक वही आणि तोंडी परीक्षा. या चार घटकांच्या गुणांचे स्वरूप परस्परांहून भिन्न आहे.

अनुमापनात खरे मूल्य परीक्षकाजवळ असते. विद्यार्थ्याचे ब्युरेटचे वाचन त्यापासून ०.२ मिलिलीटरच्या आत असले तर पूर्ण गुण, अंतर वाढेल तसे गुण कमी, अशी पद्धत रूढ आहे. हे मापन जवळजवळ निर्दोष. फक्त त्यात विद्यार्थ्याला मोलॅरिटी समजली की नाही हे कळत नाही. क्षारपरीक्षणात मूलक ओळखला वा नाही, एवढाच निर्णय. शिवाय नशिबाचा भाग मोठा. ज्याला ज्योतीत लखलखीत किरमिजी रंग देणारे स्ट्रॉन्शियम मिळाले त्याचे काम दहा मिनिटांत संपते, आणि ज्याच्या वाट्याला फॉस्फेटसह तिसरा गट आला तो शेवटपर्यंत गाळण करीत बसतो. गुण दोघांना समान. वहीचे गुण सुबकपणाचे, आणि तोंडी परीक्षेचे गुण पाच मिनिटांच्या संभाषणातून परीक्षकाच्या मनावर उमटलेल्या ठशाचे.

या चारांची आपण बेरीज करतो. तोलकाट्यावरचे मिलिग्रॅम आणि मोजपात्रातले अंदाजे मिलिलीटर एकत्र करून उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण सार्थ अंकांचा नियम सांगतो, वहीवर लाल खूण करतो. आणि त्याच दिवशी, त्याच लाल पेनाने, चार निरनिराळ्या अचूकतेच्या गुणांची बेरीज करून त्याला ३४ देतो.

स्वातंत्र्योत्तर प्रयत्न

राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षापद्धतीतील सुधारणेला विद्यापीठीय सुधारणांत अग्रस्थान दिले आणि प्रत्येक विषयातील एक तृतीयांश गुण वर्षभराच्या कामासाठी राखून ठेवावेत अशी शिफारस केली. ही शिफारस संलग्न महाविद्यालयांत फार काळ कागदावरच राहिली. याउलट जेथे संलग्नतेचा वारसा नव्हता तेथे ती फारशा चर्चेविना अमलात आली. अमेरिकी भू-अनुदान विद्यापीठांच्या धर्तीवर पंतनगर येथे १९६० मध्ये पहिले कृषी विद्यापीठ निघाले. महाराष्ट्रात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. सत्रपद्धती, अध्यापकाने घेतलेल्या चाचण्या, गुणांक-सरासरी या गोष्टी तेथे रुळल्या. अमेरिकी साहाय्याने वाढलेल्या कानपूरच्या आयआयटीतही शिकविणारा अध्यापकच श्रेणी देत असे. एकाच दशकात एकाच राज्यातील कृषी विद्यापीठात मृदेतील नत्राचे अनुमापन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अध्यापक श्रेणी देत होता, आणि शेजारच्या विज्ञान महाविद्यालयात तेच अनुमापन शिकणारा विद्यार्थी बाहेरच्या परीक्षकाची वाट पाहत होता. या दोन परंपरांची तुलना आपल्याकडे जेवढी व्हावयास हवी होती तेवढी झालेली दिसत नाही.

१९७३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परीक्षा-सुधारणेची कृतियोजना प्रसिद्ध केली. अंतर्गत मूल्यमापन, प्रश्नपेढी, श्रेणी हे तिचे विषय होते. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि जुन्या इंटर सायन्सचा बराच मजकूर, क्षारपरीक्षणासह, कनिष्ठ महाविद्यालयात सरकला. पदवीच्या पहिल्या वर्षाने आपली नवी ओळख शोधण्याऐवजी तोच क्षार थोडा गुंतागुंतीचा करून ठेवला. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांक-आधारित सत्र व श्रेणी पद्धती स्वीकारली. २०१५ मध्ये आयोगाने निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीसाठी दहा गुणांकांची पट्टी दिली : ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, आणि असे उतरत ‘पी’ म्हणजे केवळ उत्तीर्ण याला ४. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाची नवी रचना हाती घेतली. अंतर्गत मूल्यमापनाचे प्रमाण विद्यापीठागणिक वेगवेगळे आहे.

म्हणजे लीबिगकडे असलेला अधिकार, आपल्या विद्यार्थ्याचे काम आपण जोखण्याचा अधिकार, पावणेदोनशे वर्षांनी संलग्न महाविद्यालयातील अध्यापकाकडे अंशतः का होईना परत आला आहे. तो आपण कसा वापरतो? अनेक ठिकाणी अंतर्गत गुणांची यादी सत्राच्या अखेरच्या आठवड्यात तयार होते, आणि तीत जवळजवळ सर्वांना जवळजवळ सारखेच गुण असतात. याला केवळ अध्यापकाचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. शेजारच्या महाविद्यालयाने वीसपैकी अठरा दिले असतील तर आपल्या विद्यार्थ्याला बारा देऊन त्याचा पदव्युत्तर प्रवेश कोण धोक्यात आणील? तुकडी मोठी, पदे रिक्त, तासिका तत्त्वावरील अध्यापकाला पुढच्या सत्राची शाश्वती नाही. विद्यार्थ्याला मात्र कोणत्याही कामाचा खरा अभिप्राय न मिळता पहिले वर्ष सरते, आणि दुसऱ्या वर्षी प्रमाण द्रावण तयार करताना ते उघडे पडते.

या बाबतीत कोठारी आयोगाने (१९६४-६६) शालेय स्तरासाठी केलेली एक सूचना पुन्हा वाचण्यासारखी आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे निकाल बाह्य परीक्षेच्या गुणांत यांत्रिकपणे मिसळू नयेत. ते शेजारी, स्वतंत्रपणे नोंदवावेत, असा तिचा आशय होता. बेरीज केली नाही म्हणजे फुगविण्याचे प्रयोजन कमी होते, आणि दोन स्तंभांत मोठी तफावत दिसली तर ती तपासता येते. गुणपत्रिकेत अनुमापन, क्षारपरीक्षण, वही व तोंडी हे चार आकडेही असेच वेगळे छापता येतील. सत्राच्या गुणपत्रिका संगणकावर तयार होऊ लागल्यापासून त्यासाठी एका जास्तीच्या रकान्याखेरीज काही लागत नाही. तसेच प्रत्येक विभागाने दरवर्षी पंधरा-वीस प्रात्यक्षिक वह्या नावे झाकून दोन अध्यापकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतल्या आणि दोघांच्या गुणांतील अंतर नोंदवून ठेवले, तर हार्टॉग यांचा प्रयोग आपल्याच प्रयोगशाळेत, खर्चावाचून होईल. अशा नोंदी चार-पाच महाविद्यालयांनी एकत्र केल्या तरी अभ्यासमंडळापुढे ठेवण्यास पुरेशी सामग्री जमेल.